बाभूळ, सागवान, पांगारा, थर्माकोल : हाताला कळणाऱ्या हाडाची गोष्ट

मागच्या भागात आपण बार्शी लाईट रेल्वेवर बोललो. आजचा भागही बार्शीतूनच सुरू होतो, पण स्टेशनातून नाही, माझ्या आईच्या तोंडातून. हसू नका, विषय गंभीर आहे.

गेल्या वर्षी आईच्या वरच्या जबड्यात, मागच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवलं. म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर पुढे दात. तीन महिन्यांत स्क्रू हलायला लागला, काढावा लागला. आई म्हणाली, "पैसे गेले ते गेले, वर भोक राहिलं की रे." आता पुन्हा बसवायचं का, यावर घरात दोन तट. मी दुसऱ्या एका डॉक्टरांना विचारलं, "हाड मऊ आहे की कडक, हे मोजता कशानं?" ते म्हणाले, "स्कॅन बघतोच. पण खरं ड्रिल आत गेल्यावर हाताला कळतं."

मी सॉफ्टवेअरवाला. दिवसभर आकडे बघतो. 'हाताला कळतं' हे उत्तर काही पचेना. म्हणून वाचायला बसलो.

सुरुवात स्वीडनमध्ये होते. 1952 साली लुंड इथे पेर-इंग्वार ब्रोनमार्क सशाच्या पायाच्या हाडात रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी बसवलेला टायटॅनियमचा तुकडा काढायला गेले, तर तो निघेचना. हाड त्याला घट्ट धरून बसलं होतं. 1965 मध्ये गोथेनबर्गला यॉस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाला त्यांनी असे इम्प्लांट बसवले. तरी जगाला ते पटायला 1982 ची टोरांटोची परिषद उजाडावी लागली.

पद्धत पसरली तसा नवा प्रश्न आला. एकच स्क्रू, एकच पद्धत, तरी काही टिकतात, काही निघतात. कारण जबड्याचं हाड सगळीकडे सारखं नसतं. खालच्या जबड्याचा पुढचा भाग भक्कम, वरच्या जबड्याचा मागचा भाग पोकळसर. 1985 मध्ये लेखोल्म आणि जार्ब यांनी हाडाचे चार प्रकार केले. एक्स-रे बघायचा आणि ड्रिल करताना हाताला किती विरोध होतो तेही बघायचं. म्हणजे 'हाताला कळतं' हे डॉक्टरांचं मनचं नव्हतं, ते वर्गीकरणातच होतं.

1988 मध्ये अमेरिकेच्या कार्ल मिश यांनी हे शिकवायची सोपी युक्ती काढली. पहिल्या प्रकारचं हाड ओक किंवा मेपलच्या लाकडासारखं, दुसरं पाइनसारखं, तिसरं बाल्सासारखं, चौथं थर्माकोलसारखं. आता आपण ओक कुठे बघितलाय? मी आपल्यापुरतं भाषांतर केलं : बाभूळ, सागवान, पांगारा, थर्माकोल. आमचे आजोबा बार्शीत सुतारकाम करायचे. गिरमिट फिरवता फिरवता, न बघता सांगायचे, "आतून किडलंय, दुसरं आण."

यात आपल्याकडचा धागाही आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शिष्यांच्या सरावावर अख्खा अध्याय आहे. कापायचा सराव काकडी-भोपळ्यावर, सळई घालून चाचपायचा सराव किडलेल्या लाकडावर, उपटून काढायचा सराव मेलेल्या जनावराच्या दातांवर. माणसावर हात चालवण्याआधी हाताला शिकवा, एवढीच त्यामागची गोष्ट. आज कार्यशाळांत वेगवेगळ्या घनतेचे पॉलियुरेथेन फोमचे ठोकळे असतात, कधी शेळीचा जबडा असतो.

पण हात किती खरा? 1991 मध्ये जॅफिन आणि बर्मन यांनी हजाराहून जास्त इम्प्लांटचा हिशोब मांडला. पहिल्या तीन प्रकारच्या हाडांत 3 टक्के गेले, चौथ्यात तब्बल 35 टक्के. आईचा स्क्रू नेमका तिथलाच, वर आणि मागे. म्हणजे हाड ओळखण्यात चूक झाली तर किंमत मोठी. आणि 1999 मध्ये त्रिसी आणि राव यांनी हाताचा अंदाज आणि त्याच हाडाचा सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडा ताडून पाहिला. एकदम कडक आणि एकदम मऊ हाड हाताला ओळखू येतं. मधले दोन प्रकार मात्र हात वेगळे करू शकत नाही. सागवान की पांगारा, इथे हात फसतो.

मग यंत्रं? तीही आली. 1994 मध्ये योहान्सन आणि स्ट्रिड यांनी हाड कापायला लागणारा जोर मोजायची पद्धत मांडली. पण तो जोर कापतानाच कळतो, आधी नाही. आणि दवाखान्यातल्या छोट्या सीबीसीटीत राखाडी छटांचे आकडे यंत्रागणिक बदलतात. म्हणजे आकडाही अर्धाच साक्षीदार. स्कॅनवरून अंदाज बांधायचा, हातानं तपासायचा, जोराच्या आकड्यानं पडताळायचा. आमच्या धंद्यात याला टेस्टिंग म्हणतात.

आणि कळून करायचं काय, तेही महत्त्वाचं. हाड मऊ लागलं तर शेवटचं ड्रिल बारीक ठेवायचं, म्हणजे स्क्रू दाबून बसतो. वर दात लवकर चढवायचा नाही. ब्रोनमार्क यांच्या मूळ पद्धतीत वरच्या जबड्याला साधारण सहा महिने थांबायचे. उलट हाड फार कडक असेल तर भीती उष्णतेची. 47 अंशांवर एक मिनिट गेलं तरी हाडाला इजा होते, म्हणून थांबत थांबत, पाणी सोडत ड्रिल करायचं. हे सगळं डॉक्टर ऑपरेशन चालू असतानाच ठरवतो, म्हणून त्याचा हात तयार हवा.

आईचं काय झालं? मी परत त्या डॉक्टरांकडे गेलो. या वेळी 'मोजता कशानं' असं विचारलं नाही. विचारलं, "हाताला मऊ लागलं, तर पुढे काय बदलाल?" त्यांनी कागद ओढला, चित्र काढलं, ड्रिलचा क्रम सांगितला आणि म्हणाले, "फारच मऊ लागलं तर त्या दिवशी बसवणारच नाही. तयारी आहे ना तुमची?" आई बाजूला बसून ऐकत होती. घरी येताना रिक्षात म्हणाली, "हा माणूस नाही म्हणू शकतो. याच्याकडे करू."

पुढच्या महिन्याची तारीख घेतलीय. तुमच्या घरी कुणाचं ठरत असेल तर एवढाच प्रश्न विचारून बघा. भेटू पुढच्या भागात.