दारूचा महसूल आणि व्यसनोपचाराचा खर्च : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील स्थानिक संस्था

औद्योगिक नगरांचा इतिहास सामान्यतः कारखाने, जकात आणि लोकसंख्या यांच्या आधारे लिहिला जातो. त्या नगरांतील व्यसनाधीन माणसांवरील उपचारांचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्याचा या दृष्टीने विचार केला असता असे दिसते की, हा खर्च स्थानिक संस्थांच्या निश्चित कर्तव्यांत कधी गणला गेला नाही. आणि त्याचे मूळ औदासीन्यापेक्षा महसुलाच्या रचनेत अधिक आहे.

या रचनेचा पाया ब्रिटिश अमदानीत घातला गेला. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने दारूचे उत्पन्न सरकारी तिजोरीशी बांधले गेले. १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर स्वयंसेवकांनी निरोधन केले, तेव्हाही वाद होता तो विक्रीविषयी. १९२१ पासून द्विदल राज्यपद्धतीत आबकारी आणि शिक्षण ही दोन्ही खाती मंत्र्यांकडे आली, आणि मुलांच्या शाळा दारूच्या पैशावर चालवाव्यात काय, असा पेच उभा राहिला. १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदी लागू करताना बुडणाऱ्या महसुलाच्या भरपाईसाठी सरकारने शहरी स्थावर मिळकतींवर कर बसविला. घरपट्टी हे नगरपालिकांचे परंपरागत उत्पन्नक्षेत्र. आबकारीची तूट भरून काढण्यासाठी सरकार तेथपर्यंत पोहोचले. या सर्व वादांत महसूल होता, नीती होती; रुग्ण मात्र नव्हता.

१९४९ या एकाच वर्षी मुंबई प्रांतात दोन महत्त्वाचे अधिनियम झाले. दारूबंदी अधिनियमाने मद्यपी हा आरोपी तरी मानला किंवा परवानाधारक तरी. वैद्याचे प्रमाणपत्र लागे ते प्रकृतीच्या कारणास्तव दारू मिळविण्यासाठी. ती सोडविण्यासाठी नव्हे. दुसरा अधिनियम प्रांतिक महानगरपालिकांचा. त्याच्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रुग्णालये व दवाखाने ही अनिवार्य कर्तव्ये ठरली, तर दुर्बल व आजारी व्यक्तींच्या संगोपनसंस्था कलम ६६ च्या ऐच्छिक कर्तव्यांत गेल्या. व्यसनोपचाराचा स्वतंत्र उल्लेख त्यात नव्हता; तो पहिल्या वर्गात घालावा की दुसऱ्या, हे ज्याच्या त्याच्या अर्थ लावण्यावर राहिले. पुढे राज्यघटनेनेही मादक पेये आणि त्यांवरील उत्पादनशुल्क हे दोन्ही विषय राज्यसूचीत ठेवले.

पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. कारखान्यांच्या मालावरील जकातीने ही संस्था संपन्न झाली. तथापि, त्याच कारखान्यांतील कामगार पगाराच्या दिवशी दारूवर जो पैसा खर्च करी, त्यावरील शुल्क राज्याच्या तिजोरीत जाई. दुकान, अपघात आणि विस्कटलेले घर तेवढे नगराच्या हद्दीत राही.

१९८० नंतरच्या दशकात ‘गर्द’चे व्यसन शहरांत पसरले, तेव्हा प्रथमच उपचाराची निकड सर्वमान्य झाली. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाची एक लाख रुपयांची देणगी त्यामागे होती, आणि जागा येरवड्याच्या शासकीय मनोरुग्णालयाच्या आवारात मिळाली. याच सुमारास, १९८५-८६ पासून, केंद्र सरकारने स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची योजना आखली. तीत मान्य खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्राचा आणि उरलेला संस्थेचा असे. देणगी समाजाची, जागा राज्याची, अनुदान केंद्राचे, अशी ही व्यवस्था होती. तीत स्थानिक संस्थेस स्थान असे नव्हते.

वस्तुतः व्यसनोपचाराचा अर्धा भाग स्थानिकच असतो. मुक्तांगणात ३५ दिवस राहून माणूस भोसरीच्या चाळीत किंवा चाकणच्या खोलीत परततो, त्यानंतरचे काही महिने निर्णायक ठरतात. त्या काळात पाठपुरावा घराजवळ हवा. पाळीवर जाणाऱ्या कामगाराने त्यासाठी दर आठवड्यास येरवडा गाठावा, ही अपेक्षा व्यवहार्य नव्हे.

चाकणकडे ही अडचण अधिक तीव्र होते. चाकणला नगरपरिषद २०१५ मध्ये मिळाली. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांच्या शिवारांत कारखाने उभे राहिले ते ग्रामपंचायतींच्या काळात. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय स्थापन झाले आणि चाकण त्याच्या कक्षेत आले. गुन्ह्याच्या दृष्टीने हा पट्टा एक आहे हे शासनाने त्या दिवशी मान्य केले. आरोग्याच्या दृष्टीने मात्र महानगरपालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषद यांच्या सीमा पूर्ववत राहिल्या.

अलीकडील कायद्यांनी हे चित्र अंशतःच बदलले. २००८ च्या आदेशाने गावाबरोबरच शहरातील प्रभागासही मतदानाने दारूचे दुकान बंद करण्याचा मार्ग मिळाला. परंतु जे दुकान चालू राहते, त्याच्या महसुलातील वाटा मिळाला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मद्य व मादक पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकार मनोविकारांच्या व्याख्येत आणले. व्यसन हा आजारच नव्हे, हा आक्षेप त्यामुळे उरला नाही. तरीही सेवा पुरविण्याचे बंधन केंद्र व राज्य शासनांवर आहे. स्थानिक संस्थेवर ते थेट येत नाही.

मार्ग अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. त्याच २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा महानगरपालिकांचे बुडणारे उत्पन्न राज्याने कायद्याने भरून देण्याचे मान्य केले. २०१६-१७ हे आधारवर्ष आणि दरसाल ८ टक्के वाढ असे सूत्रही ठरविले. पिण्याची दारू मात्र या नव्या कराबाहेर, राज्याच्याच हाती राहिली. स्थानिक संस्थांचे नुकसान मोजून, त्याचे सूत्र ठरवून, ते दरवर्षी भरून देता येते, हे यावरून सिद्ध झाले आहे. जे जकातीच्या बाबतीत साधले, ते दारूमुळे होणाऱ्या हानीच्या बाबतीत का साधू नये, हा प्रश्न त्यामुळे अर्थशास्त्राचा उरत नाही. १८७८ पासून महसुलाच्या हिशेबात न आलेल्या माणसाला त्या हिशेबात स्थान द्यावयाचे की नाही, एवढाच तो प्रश्न आहे.