तळटीप १२ : कम्युनिटी कॉलेजचे वृत्तपत्र

१२. कम्युनिटी कॉलेज म्हणजे अमेरिकेतील दोन वर्षांचे, बहुधा सरकारी पैशावर चालणारे महाविद्यालय. आपल्या ‘ज्युनियर कॉलेज’शी त्याची गल्लत करू नये, तिथे अकरावी-बारावी नसते आणि नोकरी सांभाळून शिकणारी प्रौढ माणसेही वर्गात बसतात. अशांच्या वृत्तपत्रावर शाळकरी नियम लादणे मुळातच गैर आहे.

१९८८ साली हेझलवुड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या वृत्तपत्रातील पाने काढून टाकण्याचा मुख्याध्यापकांचा अधिकार मान्य केला. त्या पानांचे विषय होते किशोरवयीन मुलींचे गरोदरपण आणि आईवडिलांचा घटस्फोट. हाच निकष महाविद्यालयांना लागतो का, हा प्रश्न मात्र निकालाच्या एका तळटीपेत अनिर्णित राहिला. त्याची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली. इलिनॉयमधील एका सरकारी विद्यापीठाच्या डीनबाईंनी २००० साली थेट छापखान्याला फोन करून, आपण पाहिल्याशिवाय अंक छापू नये असे कळवले. वृत्तपत्र बंद पडले. विद्यार्थी संपादक न्यायालयात गेले. २००५ मध्ये संघीय अपील न्यायालयाचा निकाल त्यांच्या विरोधात लागला. माझ्या मते तो चुकीचा होता. ज्याच्या कारभाराची बातमी, त्याच्याच हाती लाल पेन्सिल देऊ नये.

इलिनॉयच्या विधिमंडळाने २००७ मध्ये कायदा करून सरकारी विद्यापीठांबरोबर कम्युनिटी कॉलेजांतील विद्यार्थी वृत्तपत्रेही पूर्वतपासणीतून मुक्त केली. खासगी महाविद्यालयांना तो लागू नाही. — संपा.