अल्झायमर आणि मेंदूतील श्वेतद्रव्य : प्रतिमांमध्ये काय दिसते, काय दिसत नाही

विसरभोळेपणा वाढलेल्या ज्येष्ठ व्यक्तीच्या मेंदूचा एमआरआय केला की, अहवालात अनेकदा अशा आशयाची एक ओळ आढळते : ‘श्वेतद्रव्यात वयोमानानुसार बदल, फाझेकास श्रेणी २.’ कुटुंबीयांची नजर ‘अल्झायमर’ हा शब्द शोधत असते, त्यामुळे या ओळीकडे सहसा दुर्लक्ष होते. ‘वयोमानानुसार’ या शब्दाने दिलासाही मिळतो. गेल्या तीन-चार दशकांतील संशोधनाने मात्र या ओळीचे महत्त्व बरेच वाढवले आहे.

मेंदूच्या पृष्ठभागावरील करड्या थरात चेतापेशींची मुख्य शरीरे असतात. या पेशींपासून निघणारे लांब तंतू आतल्या भागातून जातात आणि मेंदूचे दूरवरचे भाग एकमेकांशी जोडतात. बहुतेक तंतूंवर मायेलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टण असते. त्याच्या रंगामुळे हा भाग पांढरा दिसतो, म्हणून त्याला श्वेतद्रव्य म्हणतात. मेंदूचा जवळपास निम्मा भाग या द्रव्याने व्यापलेला असतो. वेष्टणामुळे संदेश कित्येक पटींनी वेगाने धावतात. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००३ मध्ये केलेल्या मोजणीनुसार, विशीतील पुरुषाच्या मेंदूतील वेष्टित तंतूंची एकत्रित लांबी सुमारे १ लाख ७६ हजार किलोमीटर, तर स्त्रीच्या मेंदूत सुमारे १ लाख ४९ हजार किलोमीटर भरते. पुरुषांतील लांबी पृथ्वीच्या विषुववृत्तीय परिघाच्या चौपटीहून अधिक आहे. वयाच्या विसाव्या वर्षापासून ऐंशीपर्यंत ही लांबी सुमारे ४५ टक्क्यांनी घटते, असेही त्या अभ्यासात आढळले. अल्झायमरने होणारी हानी या नैसर्गिक झिजेवर आणखी भर घालते.

असे असूनही श्वेतद्रव्य दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. जर्मन मनोविकारतज्ज्ञ अलॉइस अल्झायमर यांनी नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्युबिंगेन येथील सभेत ऑगस्ट डेटर या महिलेच्या मेंदूचे निष्कर्ष मांडले. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या पेशीजालांत त्यांना पेशींबाहेरचे थर आणि पेशींतील गुंते दिसले. पुढे थर अमायलॉइड या प्रथिनाचे, तर गुंते टाऊ या प्रथिनाचे असल्याचे निष्पन्न झाले. दोन्ही खुणा प्रामुख्याने करड्या भागात ठळक दिसत असल्याने संशोधनाचा ओघही तिकडेच राहिला. अमायलॉइड हेच या आजाराचे मूळ असल्याचा सिद्धांत १९९२ मध्ये मांडला गेला आणि त्यानंतर तो अधिकच पक्का झाला. दरम्यान, स्वीडनमधील लुंड येथील आर्ने ब्रुन आणि एलिझाबेट एंग्लुंड यांनी १९८६ मध्येच शवविच्छेदनाच्या आधारे दाखवले होते की, अल्झायमरच्या अनेक रुग्णांच्या मेंदूत श्वेतद्रव्यही विरळ झालेले असते. या निरीक्षणाकडे लक्ष वेधले जाण्यास मात्र बराच काळ गेला, कारण जिवंत माणसाच्या मेंदूत ही झीज मोजण्याचे साधन तेव्हा हाती नव्हते.

आज त्यासाठी एमआरआयच्या दोन पद्धती वापरल्या जातात. पहिली पद्धत जवळपास प्रत्येक रुग्णालयात उपलब्ध आहे. फ्लेअर नावाच्या या चित्रणात मेंदूभोवतीच्या आणि पोकळ्यांतील द्रवाचा उजळपणा दाबला जातो. त्यामुळे श्वेतद्रव्यातील बिघडलेल्या जागा पांढऱ्या ठिपक्यांसारख्या उठून दिसतात. ऑस्ट्रियाचे मज्जाविकारतज्ज्ञ फ्रान्झ फाझेकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये या ठिपक्यांसाठी श्रेणी सुचवल्या. त्यांनुसार शून्य म्हणजे ठिपके नाहीत, १ म्हणजे तुरळक, २ म्हणजे एकमेकांत मिसळू लागलेले आणि ३ म्हणजे मोठे, सलग पसरलेले पट्टे. साठीनंतर बहुसंख्य व्यक्तींच्या मेंदूत थोडेफार ठिपके दिसतात. त्यामुळे केवळ ठिपके दिसले म्हणून स्मृतिभ्रंशाचे निदान करता येत नाही.

दुसरी पद्धत अधिक सूक्ष्म आहे. दिव्याच्या वातीतून तेल वातीच्या लांबीच्या दिशेने सहज वर चढते. चेतातंतूंच्या जुडग्यातील पाण्याचे रेणूही असेच तंतूंच्या दिशेने सहज सरकतात, पण मायेलिन आणि पेशीपटलांच्या अडथळ्यामुळे आडवे फारसे जात नाहीत. ‘डिफ्युजन टेन्सर इमेजिंग’ या तंत्रात रेणूंची हीच हालचाल मोजली जाते. पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि डेनिस ल बिहान यांनी १९९४ मध्ये त्याची गणिती मांडणी केली. एका मोजमापाच्या काळात, म्हणजे सेकंदाच्या काही शतांश भागात, पाण्याचा रेणू जेमतेम १० मायक्रोमीटर सरकतो. तेवढ्या हालचालीवरून तंतूंचे आरोग्य ताडले जाते. हालचाल एकाच दिशेला बांधलेली असेल, तर ‘फ्रॅक्शनल अनायसोट्रॉपी’ हा निर्देशांक १ च्या जवळ जातो. वेष्टण झिजले वा तंतू नष्ट झाले की पाणी सैरावैरा फिरू लागते आणि निर्देशांक शून्याकडे झुकतो.

या तंत्राने अल्झायमरमध्ये ठरावीक मार्ग आधी बिघडताना दिसतात. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमधून बाहेर पडणारा फॉर्निक्स हा तंतूंचा कमानदार पट्टा त्यांत ठळक आहे. हिप्पोकॅम्पसला मेंदूच्या मागील मध्यभागाशी जोडणारा सिंग्युलम आणि दोन्ही अर्धगोलांना सांधणाऱ्या कॉर्पस कॅलोसमचा मागचा भागही त्यांत मोडतो. हातापायांच्या हालचालींचे मार्ग मात्र बराच काळ टिकून राहतात. रुग्णाला घरातल्या माणसाचे नाव आठवत नाही, पण तो जुन्या वाटेने चालत जाऊ शकतो, हा कुटुंबीयांना बुचकळ्यात टाकणारा अनुभव काही अंशी या फरकाशी जुळतो. हालचालींच्या मार्गांवर मायेलिन बालपणीच चढते, तर स्मृती आणि विचार यांच्याशी संबंधित मार्गांवर ते तिशी-चाळिशीपर्यंत चढत राहते. जे वेष्टण शेवटी चढते ते आधी उतरते, अशी एक मांडणी त्यावरून केली गेली आहे. ती आकर्षक असली तरी सर्व निरीक्षणे तिच्यात बसत नाहीत.

ही झीज कधी सुरू होते, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. काही कुटुंबांत दुर्मीळ जनुकीय बदलामुळे हा आजार लवकर, बहुधा ठरावीक वयाच्या आसपास होतो. अशा कुटुंबांचा अभ्यास अमेरिकेतील सेंट लुईस येथून चालणाऱ्या ‘डायन’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात केला जातो. या प्रकल्पाच्या आधारे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बदललेले जनुक असलेल्या व्यक्तींच्या मेंदूत श्वेतद्रव्यातील ठिपके अपेक्षित लक्षणांच्या सुमारे ६ वर्षे आधीपासून वाढलेले होते. मेंदूच्या मागील भागांत तर हा फरक सुमारे २२ वर्षे आधीच दिसू लागला होता. या व्यक्ती वयाने तरुण असल्याने ठिपक्यांचा सारा दोष उतारवयातील रक्तवाहिन्यांवर ढकलता येत नाही. हानी आजाराच्या गाभ्यातूनच होत असावी, असा याचा एक अर्थ निघतो. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अमायलॉइड साचते, हेही त्याचे एक कारण असू शकते.

तंत्राच्या मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. प्रतिमेचा सर्वांत लहान घन साधारण दोन मिलिमीटरचा असतो आणि त्यात लाखो तंतू मावतात. दोन मार्ग एकमेकांना छेदतात त्या जागी गणित फसू शकते. तेथे एक मार्ग झिजला आणि दुसरा शाबूत राहिला, तर निर्देशांक घटण्याऐवजी वाढतो. बिघाडाच्या जागी सुधारणा झाल्याचा भास होतो. ऑक्सफर्डमधील संशोधकांनी २०११ मध्ये सौम्य विस्मरण असलेल्या रुग्णांत नेमके हेच दाखवून दिले. शिवाय निर्देशांक घटण्यामागे वेष्टणाची झीज आहे, तंतूंचा नाश आहे की सूज, हे केवळ त्या आकड्यावरून सांगता येत नाही. फॉर्निक्सच्या शेजारी द्रवाची पोकळी असल्याने तेथील आकडे तर हमखास दूषित होतात. त्यामुळे हे तंत्र आज मुख्यतः संशोधनातच वापरले जाते. शेकडो जणांच्या गटांमधील फरक त्यातून कळतो, परंतु एका व्यक्तीचे निदान त्यावर करता येत नाही.

उपचारांच्या दृष्टीनेही श्वेतद्रव्याकडे दुर्लक्ष करणे आता परवडणारे नाही. अमायलॉइड हटवणाऱ्या लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. या औषधाने काहींच्या मेंदूला सूज येऊ शकते किंवा सूक्ष्म रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून उपचारांपूर्वी आणि उपचारांदरम्यान एमआरआय करावा लागतो. श्रेणी ३ इतकी हानी असलेल्या रुग्णांना हे औषध देऊ नये, अशी तेथील तज्ज्ञांची शिफारस आहे. अहवालातील त्या दुर्लक्षित ओळीवर रुग्णाला औषध मिळणार की नाही, हे अवलंबून राहू शकते.

याउलट, ठिपक्यांची वाढ मंदावण्याचा एक उपाय तुलनेने स्वस्त आहे. अमेरिकेतील ‘स्प्रिंट’ चाचणीत वरचा रक्तदाब १२० च्या खाली राखणाऱ्या गटाची तुलना १४० च्या खाली राखणाऱ्या गटाशी करण्यात आली. २०१९ मधील निष्कर्षांनुसार, सुमारे चार वर्षांत पहिल्या गटात श्वेतद्रव्यातील बिघाड सरासरी ०.९२ घन सेंटिमीटरने वाढला, तर दुसऱ्या गटात तो १.४५ घन सेंटिमीटरने वाढला. सौम्य विस्मरणाचे प्रमाणही पहिल्या गटात १९ टक्क्यांनी कमी राहिले. स्मृतिभ्रंशातील घट मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाली नाही आणि मेंदूचे एकूण आकारमान पहिल्या गटात किंचित अधिक घटले. मधुमेही आणि पक्षाघात होऊन गेलेल्या व्यक्तींचा या चाचणीत समावेश नव्हता, हेही लक्षात घ्यावे लागते.

भारताच्या संदर्भात हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय अभ्यासानुसार, देशात साठ वर्षांवरील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण स्त्रियांत आणि ग्रामीण भागात अधिक आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के आणि मधुमेहाचे ११.४ टक्के आढळले. त्यामुळे भारतीय रुग्णात अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा आजार एकाच वेळी असण्याची शक्यता मोठी आहे, आणि प्रतिमेत दोन्हींच्या खुणा एकमेकांत मिसळलेल्या दिसतात.

देशातील प्रतिमांचे मापदंडही बरेचसे परदेशी आहेत. हैदराबाद येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने (ट्रिपल आयटी) १०० निरोगी तरुण भारतीयांच्या एमआरआयवरून मेंदूचा नमुना नकाशा तयार केला. भारतीय मेंदू आकाराने पाश्चात्त्य नमुन्यांपेक्षा सरासरी लहान असल्याचे त्यातून दिसून आले. मॉन्ट्रियलमध्ये तयार झालेल्या नकाशावर भारतीय मेंदू बसवताना अंतरे आणि घनफळे यांत चुका संभवतात, त्या इथे उमगतात. मात्र हा नकाशा तरुणांचा आहे, वृद्धांसाठी अशीच आधाररेषा आखावी लागेल. बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्र कर्नाटकातील कोलार जिल्ह्याच्या श्रीनिवासपूर तालुक्यात ४५ वर्षांवरील ग्रामस्थांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करत आहे. त्यात स्मरणशक्तीच्या चाचण्यांबरोबर एमआरआयचाही समावेश आहे. खेड्यातील भारतीयांच्या श्वेतद्रव्याविषयीचे काही प्रश्न या अभ्यासातून सुटतील, अशी अपेक्षा आहे.

तोपर्यंत रुग्णालयातील अहवालाचा उपयोग एका साध्या गोष्टीने वाढू शकतो. एकाच तपासणीतील श्रेणीपेक्षा काही वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांची तुलना डॉक्टरांना अधिक काही सांगते. मात्र अनेक घरांत अहवालाचा कागद जपला जातो आणि प्रतिमांची सीडी हरवते. ती सीडी नसेल, तर आधीच्या ठिपक्यांवरून आजचे ठिपके वाढले की जैसे थे राहिले, हे डॉक्टरांना स्वतः पडताळून पाहता येत नाही.