आकृतिमालिका (बुद्धिमत्ता चाचणी)

आकृतिमालिका हा बुद्धिमत्ता चाचणीतील अशाब्दिक प्रश्नप्रकार आहे. यात विशिष्ट नियमाने बदलत जाणाऱ्या आकृत्या क्रमाने दिलेल्या असतात व पुढील आकृती पर्यायांतून निवडायची असते. महाराष्ट्रातील शिष्यवृत्ती परीक्षांच्या तयारीत हा प्रकार परिचित आहे.

इतिहास

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन रेव्हन यांची ‘प्रोग्रेसिव्ह मॅट्रिसेस’ ही याच स्वरूपाची चाचणी १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या प्रमाणित रूपात पाच संचांत प्रत्येकी १२, असे एकूण ६० प्रश्न आहेत.

उकलीची पद्धत

संपूर्ण आकृती एकदम न पाहता तिचे घटक वेगळे करावेत व प्रत्येकाची संख्या, स्थान, दिशा आणि छटा तपासावी. उदाहरणार्थ, पहिल्या आकृतीत वर रोखलेला बाण व एक ठिपका, दुसऱ्या आकृतीत उजवीकडे बाण व दोन ठिपके, तिसऱ्या आकृतीत खाली बाण व तीन ठिपके असल्यास बाण दर वेळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ९०° फिरतो व एक ठिपका वाढतो. म्हणून चौथ्या आकृतीत बाण डावीकडे व चार ठिपके येतात. एक नियम सापडताच त्याच्याशी न जुळणारे पर्याय बाद करावेत. पहिल्या दोन आकृत्यांवरून बांधलेला नियम तिसरीवर पडताळणे आवश्यक असते. कारण फिरण्याचा कोन ४५°, ९०°, १३५° असा वाढताही असू शकतो.

मर्यादा

शब्दांचा वापर नसल्याने अशा चाचण्या संस्कृतिनिरपेक्ष मानल्या जात. तथापि सरावाने गुण वाढतात. तसेच अनेक देशांत पिढीगणिक गुण वाढल्याचे जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिले. त्यामुळे केवळ कमी गुणांवरून एखाद्या मुलाची उपजत बुद्धी कमी ठरवणे योग्य नाही. प्रश्नप्रकाराशी अपरिचय हेही त्याचे कारण असू शकते.