फिंच, कॅट्रिन
फिंच, कॅट्रिन : (२४ एप्रिल १९८०— ). वेल्श हार्पवादिका. जन्म वेल्समधील लानॉन येथे. वयाच्या सहाव्या वर्षी तिने हार्पवादनास प्रारंभ केला. पुढे लंडनच्या ‘रॉयल अकॅडमी ऑफ म्यूझिक’मध्ये तिने मुंबईत जन्मलेल्या स्काइला कांगा हिच्याकडे शिक्षण घेतले. व्हिक्टोरिया राणीच्या काळानंतर खंडित झालेले राजहार्पवादकाचे पद युवराज चार्ल्सने २००० मध्ये पुनरुज्जीवित केले. त्यावर ती २००४ पर्यंत होती. बाखने हार्पसिकॉर्डसाठी रचलेल्या ‘गोल्डबेर्ग व्हेरिएशन्स’चे तिने केलेले हार्परूपांतर २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

तथापि तिची खरी कसोटी सेनेगलचा कोरावादक सेकू केइता याच्याबरोबरच्या सहवादनात लागली. ४७ तारांच्या हार्पवर सात पेडलांच्या साहाय्याने वादन चालू असतानाही स्वर बदलता येतात; भोपळ्यावर चामडे मढवून केलेल्या कोराच्या तारा मात्र आधीच एका सप्तकात जुळविलेल्या असतात. ही मर्यादा स्वीकारून तिने लय व स्वराकृतींची आवर्तने यांवर भर दिला. ‘क्लखाय दिबॉन’ (२०१३), ‘सोर’ (२०१८) व ‘एको’ (२०२२) या त्यांच्या ध्वनिमुद्रिका. त्यांपैकी ‘सोर’ची कल्पना वेल्स व पश्चिम आफ्रिका यांदरम्यान स्थलांतर करणाऱ्या मासेखाऊ शिकारी पक्ष्यावरून सुचली. अभिजात व लोकपरंपरेतील वाद्यांचा मेळ घालताना कोणत्याही एकास केवळ साथीचे स्थान न देणे, हे तिच्या वादनाचे वैशिष्ट्य होय.