वाण पाहावा, चालही पाहावी

आमच्या देवणीचं नाव महाराष्ट्राबाहेर पोहोचलं ते बैलांमुळे. वानेरा, बालंक्या, शेवरा हे देवणी जातीचे प्रकार इथलं लहान पोरही रंगावरून ओळखतं. पण जाणता शेतकरी बैल घेताना रंगावर थांबत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावलं चालवून पाहतो. वाणामुळे बैल बाजारात नजरेत भरतो. सौदा ठरतो तो चालीवर.

हे आठवायचं कारण असं. बारावीच्या निकालानंतर आमच्या गल्लीतले एक शेतकरी मुलाला घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, ह्याला सॉफ्टवेअरमध्ये जायचंय. पण म्हणतो, कॉलेजात वर्षं कशाला घालवायची, पुण्यात सहा महिन्यांचा क्लास लावतो. तुम्ही काय म्हणता?"

मी जन्मभर इतिहास शिकवला. संगणकातलं मला फारसं कळत नाही. पण या धंद्यात माणसं कशी शिरली, हे मात्र मी मुद्दाम वाचलेलं आहे. का वाचलं, ते पुढे सांगतो.

आपल्याकडे संगणक आला तेव्हा त्याची पदवीच नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा भारतीय बनावटीचा संगणक सुरू झाला. तो उभारणाऱ्या गटाचे प्रमुख आर. नरसिंहन यांची डॉक्टरेट गणितातली. टाटा कन्सल्टन्सी १९६८ साली निघाली; ती नावारूपाला आणणारे फकीरचंद कोहली वीज अभियांत्रिकीचे. आपले सोलापूरचे अच्युत गोडबोले आयआयटीतून केमिकल इंजिनिअर झाले आणि सॉफ्टवेअर कंपन्यांच्या प्रमुखपदी पोहोचले. यांपैकी कुणाची पदवी संगणकाची नव्हती. पण पदवी होती, हे विसरून चालणार नाही.

मग पदव्या आमच्या दारात आल्या. नांदेडला १९८१ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. १९८३ साली राज्यात विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि लातूरलाही इंजिनिअर घडू लागले. नोकरीसाठी अर्जांचे ढीग पडू लागले, तशी पदवी ही चाळणी झाली. दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे साठ टक्के हवेत, असं अनेक कंपन्या सांगू लागल्या. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसालाही पदवी लागते. ती नसेल तर तीन वर्षांचा अनुभव कॉलेजच्या एका वर्षाबरोबर धरतात. म्हणजे चार वर्षांच्या पदवीसाठी बारा वर्षं!

मग पदवीवाचून कोणी तरलंच नाही का? तरलं. रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं आणि हळूहळू संगणकही दुरुस्त करू लागले. धाकटा भाऊ संजय याला मात्र त्यांनी संगणकशास्त्र शिकायला लावलं. दुकानात येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले असत. त्यावर संजय यांनी प्रोग्रॅम लिहिला आणि १९९५च्या सुमारास 'क्विक हील' बाजारात आलं. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. एकाच घरात एक भाऊ पदवीवाचून, दुसरा पदवी घेऊन! आणि दोघांच्या पाठीशी रोज गल्ला भरणारं ते दुरुस्तीचं दुकान.

चेन्नईच्या झोहो कंपनीने २००५ पासून बारावी आणि डिप्लोमा झालेल्या मुलांना शिकवून कामावर घ्यायला सुरुवात केली. तिथे पदवी विचारत नाहीत. पण शिकताना विद्यावेतन देतात.

आता माझी गोष्ट. १९९९ साली 'वाय-टू-के'चा गाजावाजा होता. वर्ष दोनच आकड्यांत लिहिणारे जुने प्रोग्रॅम २००० साल उजाडताच चुकतील, म्हणून दुरुस्तीला माणसं हवी होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या एका हुशार विद्यार्थ्याला मी सांगितलं, "कॉलेज सोड, कोर्स कर." फीसाठी त्याच्या वडिलांनी बैलजोडी विकली. २००१ साली मंदी आली. मुलाच्या हातात एक प्रमाणपत्र होतं. पदवी नव्हती, कुणाला दाखवावं असं कामही नव्हतं. त्याने झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानात काही वर्षं काढली, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी केली, तेव्हा कुठे नोकरी लागली. त्याने मला कधी बोल लावला नाही. पण ती बैलजोडी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हापासून मी हा इतिहास वाचतो आहे.

त्यातून मला एवढंच उमगलं. पदवी घ्यावी की नाही, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की शिकेपर्यंत घर कोण चालवणार आणि तुझं काम पाहणारं कोण आहे? काटकरांकडे दुकान होतं. झोहोत कंपनीच पोसते. आपल्याकडून लाखभर घेऊन नुसता कागद देणारा क्लास यातलं काहीच देत नाही. ज्याच्या मागे दुकान नाही, शेत कोरडवाहू आहे, त्याला पदवी हाच त्यातल्या त्यात स्वस्त आधार.

म्हणून त्या मुलाला म्हटलं, "जवळच्या कॉलेजात संगणकाची साधी पदवी घे, जमीन विकायला लावू नकोस. पण पदवीच्या भरवशावर बसूही नकोस. गावातच एखादं खरं काम धर आणि पुरं करून दाखव."

परवा तो आला होता. उदगीरला बी.एस्सी.ला नाव घातलंय. एका आडत दुकानाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम लिहायला घेतलाय. "सर, हमालीची बेरीज अजून चुकते," म्हणाला.

म्हटलं, "चुकू दे. जू तर मानेवर घेतलंस ना!"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)