पेशीपटल

पेशीपटल किंवा प्रद्रव्यपटल हे प्रत्येक सजीव पेशीतील प्रद्रव्याभोवती असणारे, सुमारे ५ ते १० नॅनोमीटर जाडीचे आवरण होय. ते निवडक्षम पारपटल आहे. म्हणजे काही पदार्थांना ते ये-जा करू देते व काहींना अडवते. वनस्पतिपेशीत त्याच्या बाहेर पेशीभित्तिकाही असते. ती पेशीला आधार देते, परंतु पाण्यात विरघळलेले मीठ अडवू शकत नाही.

रचना

पेशीपटल फॉस्फोलिपिड रेणूंच्या दुहेरी थराचे बनलेले असते. रेणूंची जलस्नेही डोकी बाहेरच्या बाजूंना व जलविरोधी शेपट्या आत असतात. ऑक्सिजनसारखे लहान रेणू या तेलकट गाभ्यातून सहज पार होतात. सोडिअम व क्लोराइड हे विद्युतभारित आयन मात्र होत नाहीत. त्यांच्यासाठी थरात रुतलेली प्रथिने मार्गिका किंवा पंप म्हणून काम करतात. सिंगर व निकोल्सन यांनी १९७२ मध्ये या रचनेचे 'तरल मोझेक' प्रतिमान मांडले. केवळ पाण्याला वाट देणाऱ्या अ‍ॅक्वापोरिन प्रथिनांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

परासरण आणि खारफुटी

कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, कारण पाणी पेशीपटलातून अधिक क्षारयुक्त द्रवाकडे जाते. या न्यायाने मालवण किनाऱ्यावरील कर्ली खाडीसारख्या ठिकाणची कांदळ व तिवर ही झाडे भरतीच्या पाण्यात सुकायला हवीत. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३.५ टक्के क्षार असतात. तसे होत नाही. खारफुटीच्या खोडातील रसावर ३५ ते ६० वातावरण इतका ताण असल्याचे शोलँडर व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखवले. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब सुमारे २५ वातावरण असतो, त्यामुळे पाणी उलट दिशेने, मुळांत ओढले जाते. मुळाच्या अंतस्त्वचेत पेशींमधल्या फटी सुबेरिन या मेणासारख्या पदार्थाने बुजलेल्या असतात. पाण्याला पेशीपटलातूनच जावे लागते आणि बहुतेक मीठ बाहेर राहते. मुळे थंड करूनही किंवा त्यांना चयापचय रोखणारी द्रव्ये देऊनही हे गाळणे थांबले नाही. ओढ पानांतील बाष्पोत्सर्जनाची असते, गाळणी पटलाची.

तिवराची मुळे कांदळाच्या मुळांपेक्षा अधिक मीठ आत येऊ देतात. ते पानांवरील क्षारग्रंथी बाहेर टाकतात व त्यासाठी मात्र ऊर्जा खर्च होते; पेशीपटलातील पंप आधी प्रोटॉन बाहेर ढकलतात आणि त्यातून निर्माण झालेल्या फरकावर आयनांची वाहतूक चालते. कोरड्या हवेत तिवराच्या पानांवर दिसणारे पांढरे कण हे याच मिठाचे असतात.